करंजवाडीच्या माळावर पडलेला डबा

करंजवाडीत कुणाच्या टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ अशी निळी पाटी आली, मिक्सर फिरायचा थांबला किंवा पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर रुसून बसला, की लोक अंजनावैनींच्या दारात येतात. वैनींचं वय अठ्ठावन्न. अंगानं काटक. पदर कमरेला खोचून त्या शिडीवर चढतात, तेव्हा खाली शिडी धरणाऱ्या गड्यालाच घाम फुटतो. कोरेगाव आणि माण या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात हे गाव आहे. खाली कालव्याच्या बाजूला ऊस, वरच्या अंगाला उघडा माळ आणि मेंढरं.

ही विद्या त्यांना नवऱ्याकडून मिळाली. नाथाजी फौजेत सिग्नलला हवालदार होते. सुट्टीवर आले की ट्रंकेतून आधी पेढ्याचा पुडा निघायचा आणि मग तारा जोडायला डाख द्यायची कांडी. लग्नानंतरच्या दुसऱ्याच सुट्टीत त्यांनी बायकोला रेडिओ उघडून दाखवला होता. “घाबरायचं न्हाई. उगडलं की कळतंय, आन् कळलं की भ्या जातंय,” असं ते म्हणायचे. रिटायर होऊन आल्यावर त्यांनी घराच्या पडवीत दुकान थाटलं. पण गुडघा दुखावलेला, त्यामुळे गच्चीवर चढायचं काम वैनींकडं आलं. नऊ वर्षांपूर्वी नाथाजी गेले. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी वरच्या आळीचा एक म्हातारा दारात येऊन घुटमळला आणि म्हणाला, “डिशची छत्री वाऱ्यानं फिरलीया. पर आता कोन चढनार...” वैनींनी डोळे पुसले, पान्हा घेतला आणि त्याच्या मागोमाग गेल्या. दुकान तेव्हापासून चालूच आहे.

गावातल्या सगळ्या छत्र्या आग्नेयेला तोंड करून बसलेल्या आहेत. तिकडं, विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर उपग्रह थांबलेला आहे हे वैनींना पाठ होतं. तो दिसत नाही, हलत नाही, पण छत्री बोटभर सरकली तर घरातलं चित्र जातं. याचं त्यांना इतकी वर्षं काम करूनही नवल वाटे. कधी कधी छत्री लावून झाल्यावर त्या गच्चीवर उगाच दोन मिनिटं थांबत आणि त्या कोपऱ्याकडं बघत राहत.

यंदाच्या मार्चमध्ये त्यांच्या मुलीनं, शिवांजलीनं, पुण्याहून एक बोलणारं यंत्र पाठवलं. नारळाएवढं, गोल. विचारलं की उत्तर देतं. वैनी त्याच्याशी आपल्याच भाषेत बोलत. “आज ऊन लय हाय का रं?” असं विचारलं, की ते फार आदबीनं “माफ करा, मला समजलं नाही” म्हणे. वैनींना त्याचा राग यायचा नाही. परगावच्या पाहुण्यासारखं ते वागतं, एवढंच.

एके दिवशी सकाळी शेजारची बनुबाई विरजण मागायला आली आणि त्या यंत्राकडं बघत उंबऱ्यातच थबकली.

“ह्ये समदं ऐकतंय व्हय गं?”

“ऐकतंय म्हनून तर उत्तर देतंय.”

“आन् परवा पाटं आबाळात दिव्यांची माळ चालली हुती, ती? आमच्या सुनेनं दावली मला.”

ती माळ वैनींनीही पाहिली होती. नळाला पाणी आलं म्हणून पहाटे उठल्या, तर पूर्वेकडं एका ओळीत तीसेक ठिपके, मुंग्यांनी रांग धरावी तसे सरकत होते. ते उपग्रह होते. एकाच वेळी सोडलेले, अजून पांगले नव्हते.

“ते उपग्रह,” वैनी म्हणाल्या. हातात चाळणी होती, लक्ष निम्मं पिठात. “त्यांचं काय, वरनं समदं दिसतंय त्यास्नी. तुज्या अंगनातल्या कुरडया बी मोजत्याली.”

बनुबाई हसली नाही. तिनं विरजण घेतलं आणि घरी जाऊन भर उन्हात कुरडयांवर धोतर पांघरलं.

बोलणं एवढंच झालं होतं. पण चार दिवसांत ते गावभर फिरून आलं, तेव्हा ओळखू येत नव्हतं. आता ते उपग्रह नव्हते, ड्रोन होते. ते कुरडया नाही तर घरं मोजत होते. कुणाच्या घरी माणूस नाही, कुणाच्या दाराला कुलूप आहे, हे वरून बघून खाली टोळीला कळवत होते. शेजारच्या दोन गावांतही तसंच काहीबाही ऐकू येत होतं. त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. सरपंच वीरधवल म्हणाले, गावात भीती पसरवायला विरोधकांनीच हे उठवलंय. माजी सरपंच शंभूराज आबा म्हणाले, गावठाणाची मोजणी चोरून चाललीय आणि तिला सरपंचांची फूस आहे. दोघांचीही माणसं हातात काठ्या घेऊन गस्त घालू लागली. एकाच रस्त्यावर, वेगवेगळी.

हे वैनींच्या कानावर आलं. त्यांनी बनुबाईला गाठलं.

“आगं, मी ड्रोन कवा म्हनले?”

“तू न्हाई म्हनलीस. पर वरनं बगत्यात म्हनलीस नव्हं? मी तेवडंच सांगितलं जावंला.”

आता हे कुठं आणि कुणाला निस्तरायला जायचं? चार लोकांत उभं राहून सांगावं तर लोक म्हणतील, ही बाई कुणाच्या बाजूची? वैनी गप्प बसल्या. आपण गप्प बसलो याचंही त्यांना वाईट वाटत राहिलं.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला धुळा मेंढका माळावरून धावत आला. त्याच्या काठीच्या टोकाला दोरीनं लोंबकळणारा एक पांढरा डबा होता. जेवणाच्या डब्याएवढा, थर्माकोलचा. त्याला लाल कापडाची फाटकी छत्री आणि रबराच्या चिंध्या लागलेल्या. डब्यातून जिभेसारखी एक बारीक पत्र्याची पट्टी बाहेर आली होती, आणि कडेला एक लाल दिवा लुकलुकत होता.

“आबाळातनं पडलं!” धुळा धापा टाकत म्हणाला. “बाबळीवर अडाकलं. मेंढरं बुजून पार वड्यापतूर पळाली!”

त्यानं तो डबा चावडीच्या ओट्यावर ठेवला. दिवा चालूच. लोक जमले आणि दहा पावलं मागं सरून उभे राहिले.

नेमकी त्याच वेळी कालव्याच्या रस्त्यानं एक जीप गावात आली. सांगलीचं पासिंग. आत एकच माणूस, पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. जीपच्या मागं ताडपत्रीखाली सहा पंखांचा एक काळा ड्रोन होता.

पुढं काय झालं ते सांगायला नको. कुणीतरी ताडपत्री ओढली, कुणीतरी ओरडलं. त्या माणसाची गचांडी धरून त्याला खाली खेचलं. शर्टाची दोन बटणं तुटली, चष्मा पायाखाली गेला. कुणीतरी शहाणपण करून त्याला ग्रामपंचायतीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. ती कडीच त्याच्या कामी आली म्हणायची. ठाण्याला फोन गेला. गाडी बाहेर गेलीय, यायला तास-दीड तास लागेल, असं उत्तर आलं. तेवढ्या वेळात काय होईल याचा नेम नव्हता. बाहेर पन्नास-साठ माणसं होती, आणि वाढत होती.

वैनी स्टार्टर दुरुस्त करून वस्तीवरून परत येत होत्या. गलका ऐकून त्या ग्रामपंचायतीच्या मागच्या बाजूनं आल्या. चावडीकडच्या खिडकीच्या गजाशी तो माणूस उभा होता. ओठ सुजलेला.

“अक्का,” तो हळू आवाजात म्हणाला, “जरा पाणी मिळेल काय?”

वैनींनी पिशवीतली बाटली गजातून आत दिली. त्यानं घटाघटा पाणी प्यायलं.

“मी श्रेणिक. सांगलीजवळचा. औषध फवारायचा ड्रोन दाखवायला आलोय. चोर नाही ओ मी.”

“कुनी बलावलं तुमास्नी?”

श्रेणिकनं गजातून समोरच्या गर्दीकडं पाहिलं. “तुमच्या सरपंचांनीच. परवा फोनवर बोलणं झालंय. आता समोर उभे आहेत आणि ओळख देत नाहीत.”

वैनींनी मान वळवून पाहिलं. वीरधवल चावडीच्या ओट्याजवळ उभे होते. चेहरा उतरलेला. शेजारी शंभूराज आबा घसा ताणून बोलत होते, “ह्याला कुनी बलावला ते हुडका! ज्यानं बलावला त्योच गावाचा वैरी!”

वैनींना सगळं लख्ख कळलं. वीरधवल वाईट माणूस नव्हता. उसात शिरून फवारायला माणूस मिळत नाही, म्हणून त्यानं यंत्र बघायला बोलावलं. पण आत्ता “मी बोलावलं” म्हटलं तर निवडणूक हातची गेली, कदाचित डोकंही फुटलं. त्यामुळे तो गप्प होता. आपणही आठवडाभर गप्पच होतो की, असं वैनींच्या मनात आलं, आणि त्यांना त्याचा फार राग करता आला नाही. पण त्याला चारचौघांत खोटं पाडलं, तर तो उलटेल आणि सरळ नाही म्हणेल. मग या परक्या माणसाचं काही खरं नव्हतं. आधी लोकांची भीती उतरवायची, तोंड उघडायला त्याला वाट नंतर करून द्यायची.

आणि भीती त्या डब्याची होती.

ओट्यावरचा तो डबा लांबून दिसत होता, आणि त्याबद्दल त्यांचा एक अंदाज होता. नाथाजी लडाखकडं होते तेव्हा तोफखान्याचे लोक वाऱ्याचा वेग बघायला फुगे सोडत, असं त्यांनी सांगितलं होतं. कागदावर चित्रही काढून दाखवलं होतं. पण प्रत्यक्ष तसला डबा वैनींनी कधी पाहिला नव्हता. अंदाज चुकला तर? आत भलतंच काही निघालं तर?

त्या गर्दीतून पुढं गेल्या आणि ओट्याजवळ उभ्या राहिल्या.

“वैनी, मागं सरा!” वीरधवल ओरडले. “दिवा पेटतुया त्यात!”

“माज्या घरच्या चार्जरचा बी पेटतुया,” वैनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

डब्याला एक कागद चिकटवलेला होता, पण बाभळीच्या काट्यांनी त्याचा अर्धा भाग गेला होता. उरलेल्या तुकड्यावर हिंदीत एवढंच होतं, ‘...नाक नहीं है’. त्याखाली एक फोन नंबर.

वैनींनी ते मोठ्यानं वाचलं.

“कुनाला नाक न्हाई?” मागून एका म्हातारीनं विचारलं. दोघं-तिघं हसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्या गर्दीत कुणी हसलं होतं.

“खतरनाक नहीं है, आसं आसंल,” वैनी म्हणाल्या. “धोका न्हाई म्हनून लिवलंय.”

“चोर काय धोका हाय म्हनून लिवंल व्हय?” शंभूराज आबा म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मुद्दा बिनतोड होता.

वैनींनी त्या नंबरावर फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. गर्दी पुन्हा गुरगुरू लागली. मग वैनींनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. लोक आणखी मागं सरले. बनुबाई तेवढी पुढं आली आणि म्हणाली, “आगं आंजने, नगं गं!” वैनींनी ड्रायव्हरचं टोक थर्माकोलच्या सांध्यात घातलं आणि दाबलं. खटकन् झाकण उघडलं.

आत भिंतीवरच्या घड्याळात असतात तसले दोन सेल होते, आणि बोटाएवढी एक हिरवी पाटी. बाकी काही नाही. वैनींनी सेल काढले. लाल दिवा विझला.

त्यांचा श्वास मोकळा झाला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं आणि डबा दोन्ही हातांनी वर धरला.

“या, फुडं या. बगा. क्यामेऱ्याला काच लागती. ह्यात काच हुडकून दावा.”

चार पोरं पुढं आली, डबा उलटासुलटा करून पाहिला. काच नव्हती.

“आन् तुमच्या परत्येकाच्या खिशात फोन हाय,” वैनी म्हणाल्या, “त्याला फुडनं एक काच आन् मागनं दोन-तीन. त्येचं भ्या वाटत न्हाई कुनाला. आवं, कुनाचं वावर बगायचं आसंल तर सात-बारा घरबसल्या निगतोय मोबाइलवर. त्यापायी कोन आबाळात फुगा सोडंल?”

“मंग हाय काय ह्ये?” धुळ्यानं विचारलं. त्याला सगळ्यांत जास्त घाई होती, मेंढरं ओढ्यात होती.

तेवढ्यात वैनींचा फोन वाजला. तोच नंबर. वैनींनी आवाज मोठा केला.

“हॅलो, हवामान केंद्रातून बोलतोय. या नंबरवरून फोन आला होता.”

“आवं सायेब, एक डबा गावलाय. लाल छत्री, रबराच्या चिंद्या...”

“हो, हो! आमचाच. सकाळी साडेपाचला फुगा सोडला होता. कुठं पडला?”

“कोरेगाव आन् मानच्या मदी. करंजवाडी.”

“बरंच आत गेला की! कुणाला लागलं नाही ना? काही नुकसान?”

“मेंढरं बुजली,” वैनी म्हणाल्या.

पलीकडचा माणूस हसला. “माफी सांगा त्यांना. परत पाठवायची गरज नाही. थंडी-वारा मोजायचं यंत्र आहे. तीस किलोमीटर वर जातो फुगा, तिथं फुटतो, मग हे छत्रीनं खाली येतं. रोज दोन सोडतो आम्ही.”

“रोज?” शंभूराज आबांच्या तोंडून निघून गेलं.

“रोज. सकाळ-संध्याकाळ. कित्येक वर्षं.”

फोन बंद झाला. वैनी हातातल्या डब्याकडं बघत होत्या. तीस किलोमीटर. एवढ्या उंचीवर भरदिवसा आभाळ काळं दिसतं, असं नाथाजी म्हणायचे. तिथवर जाऊन हे एवढंसं थर्माकोल परत आलं, आणि खाली आपण काय करत होतो, तर एका माणसाला कोंडून ठेवलं होतं.

“आजून एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “वरनं समदं दिसतंय, ही आवई माज्यापास्नं उठली. मी मस्करीत बोलले बनीला. मला त्याच दिवशी सांगाया पायजे हुतं. माजं चुकलं.”

बनुबाई लगेच म्हणाली, “माजं बी.”

मग वैनी वीरधवलकडं वळल्या. रागानं नाही, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, “सरपंच, उसात शिराया मानूस मिळंना, पानं कापत्यात, साप निगत्यात. गावाच्या सोईसाटी कुनी यंत्र बगायला बलावलं आसंल, तर त्यात लाजायचं काय हाय?”

वीरधवलांनी एकदा गर्दीकडं आणि एकदा त्या बंद दाराकडं पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

“मी बलावलं,” ते म्हणाले. “मगाशीच बोलाया पायजे हुतं. माजी छाती झाली न्हाई.”

शंभूराज आबांनी तोंड उघडलं. वैनींनी त्यांना बोलू दिलं नाही. “आबा, तुमच्या उसावर लोकरी मावा पडलाय. मानूस मिळाला का फवारायला?”

“कुटला मिळतोय,” आबा पुटपुटले. मागून कुणीतरी खिदळलं, आणि त्याबरोबर सगळी गर्दीच सैल झाली. काठ्या खाली आल्या. धुळा मेंढरांमागं पळाला.

वीरधवलांनी स्वतः जाऊन कडी काढली. श्रेणिक बाहेर आला तो भिंतीला धरूनच. वीरधवल त्याला हात जोडून काहीतरी म्हणाले. श्रेणिकनं फक्त मान हलवली. लगेच माफ करण्याएवढं ते सोपं नव्हतं, आणि वीरधवलांनाही ते कळलं. पोलिसांची गाडी आली तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवण्यापलीकडं काम उरलं नव्हतं. तक्रार द्यायची का, असं फौजदारानं विचारलं. श्रेणिक म्हणाला, “नको. चष्मा तेवढा करून द्या.” शंभूराज आबा म्हणाले, तो मी देतो. वीरधवल म्हणाले, मी देतो. त्यावरूनही दोघांची जुंपायला लागली, तेव्हा वैनी श्रेणिकला घेऊन घरी आल्या.

पडवीत बसल्यावर त्याचा फोन वाजला. चष्मा नसल्यानं त्याला नाव दिसेना, म्हणून त्यानं तो वैनींपुढं धरला. बायकोचा होता. गुणमाला. वैनींनी उचलला.

“अहो, किती वेळ फोन करतेय! कुठं आहात?”

“मी करंजवाडीची आंजना बोलते बाई. तुमचं मालक हितंच हायत माज्याकडं. बरं हायत. ऊन लय हाय, जेवूनच लावून देते.”

पलीकडं एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मग श्रेणिक स्वतः बोलला. मार खाल्ल्याचं त्यानं सांगितलं नाही. रस्ता चुकलो होतो म्हणाला.

वैनींनी चूल पेटवली. गॅस होता, पण भाकरीला त्यांना चूलच लागे. “कांदा-लसूण चालतंय का?” नावांवरून जैन वाटला म्हणून त्यांनी आतून विचारलं.

“नाही चालत अक्का. नुसती आमटी-भाकरी द्या.”

“मंग मुगाची आमटी करते. धा मिंटं लागत्याली.”

बनुबाई ताकाचा तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यात बसली. तिला श्रेणिकच्या सुजलेल्या ओठाकडं बघवत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, “तुमचं त्ये उडनारं यंत्र, त्याला तरी क्यामेरा आसतुया का हो?”

“असतो,” श्रेणिक म्हणाला. “खालचा ऊस दिसायला पाहिजे की.”

बनुबाईनं वैनींकडं पाहिलं. वैनींनी भाकरी तव्यावर टाकली.

“चष्मा झाला की त्यास्नी दावाया सांगू,” त्या म्हणाल्या. “आपन बी बगू, वरनं आपलं गाव कसं दिसतंय त्ये.”

श्रेणिक पहिल्यांदाच हसला, आणि ओठ दुखला म्हणून लगेच थांबला. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. मग तिथंच पडवीत, सुट्या भागांच्या खोक्यांमध्ये भिंतीला टेकला, आणि बोलता बोलता झोपी गेला. वैनींनी पंखा त्याच्याकडं वळवला आणि बनुबाईला हातानं खूण केली. दोघी आवाज न करता अंगणात येऊन बसल्या.